सोनोग्राफीत गाठ दिसते म्हणजे नक्की काय दिसतं? – आवाजाने पाहणं आणि सुईने खात्री करणं



कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या दारावर एक पाटी ठळकपणे लावलेली असते. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, अशा अर्थाची. ही पाटी हवीच. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. आपला कायदा १९८८ चा, नंतर १९९४ साली देशभरासाठी कायदा झाला. पण या पाटीचा एक परिणाम असाही झालाय की सोनोग्राफी म्हणजे गरोदर बाईची तपासणी, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय.

मग पन्नाशीतल्या बाईला डॉक्टरांनी "छातीची सोनोग्राफी करून या" असं सांगितलं, किंवा घरातल्या आजोबांना "लिव्हरची सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी" असं लिहून दिलं, की घर गोंधळतं. पालकसभा संपल्यावर आया व्हरांड्यात बोलत बसतात तेव्हा कानावर पडणारी वाक्यं तुम्हीही ऐकली असतील. "त्या मशीनचे किरण वाईट असतात म्हणे." "गाठीला सुई लावली की ती पसरते." "दुखत नाही ना, मग राहू दे की." यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि प्रत्येक वाक्यामुळे कुणाची तरी तपासणी पुढे ढकलली जाते. गाठीच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतो तो हाच वेळ.

म्हणून आज हा विषय पाठासारखा क्रमाने समजून घेऊया. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. कुणाला कोणती तपासणी लागेल हे डॉक्टरच ठरवणार. पण ती तपासणी चालते कशी, हे समजायला नववीच्या विज्ञानातला ध्वनीचा पाठ पुरेसा आहे.

१) मिरकरवाड्याच्या बोटीवरचं यंत्र

मिरकरवाडा बंदरातल्या बऱ्याच मोठ्या बोटींवर फिश फाइंडर असतो. तो पाण्यात ध्वनी सोडतो. ध्वनी तळाला आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. समजा प्रतिध्वनी ०.०४ सेकंदाने परत आला, तर ध्वनी एकूण ६० मीटर चालला, म्हणजे तळ ३० मीटरवर. हे गणित सातवीतला मुलगाही करतो. मध्येच माशांचा थवा आला तर तिथूनही प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर ठिपके दिसतात. बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून ध्वनी चांगलाच परततो.

सोनोग्राफीचं यंत्र हेच करतं. फक्त समुद्राच्या जागी आपलं शरीर आणि तीस मीटरच्या जागी काही सेंटिमीटर. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीत वापरतात तो ध्वनी साधारण २० लाख ते दीड कोटी हर्ट्झचा, म्हणजे ऐकू येण्याच्या पलीकडचा. म्हणून त्याला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. शरीराच्या मऊ भागात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. चार सेंटिमीटर खोलवरच्या गाठीपर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण २० हजारावा भाग लागतो. यंत्र एका सेकंदात असे हजारो प्रतिध्वनी ऐकतं, प्रत्येकाचा वेळ आणि जोर मोजतं आणि त्यांचं हलतं चित्र पडद्यावर काढतं.

डॉक्टर हातात धरतात तो प्रोब. त्यात एका खास पदार्थाच्या बारीक पट्ट्या असतात. विजेचा दाब दिला की त्या थरथरतात आणि ध्वनी निघतो. परतलेला ध्वनी त्यांच्यावर आदळला की उलट वीज तयार होते. म्हणजे तोच तोंड आणि तोच कान. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते हा गुणधर्म प्येर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० साली दाखवला होता.

इथेच "किरण वाईट असतात" या शंकेचं उत्तर मिळतं. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात. सोनोग्राफीत कसलेही क्ष-किरण नसतात, असतो तो ध्वनी.

मग ते थंडगार जेल कशाला लावतात? प्रोब आणि त्वचा यांच्यात हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच मागे फिरतो. जेल ती हवा हटवतं. याच कारणाने हवेने भरलेल्या फुप्फुसाच्या आतली गाठ सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, आतड्यात गॅस असला की त्यामागचं झाकलं जातं आणि हाडाच्या मागेही नीट दिसत नाही. पोटाच्या सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात किंवा ओटीपोटाच्या सोनोग्राफीला लघवी भरून यायला सांगतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे. भरलेलं मूत्राशय गॅसवाली आतडी बाजूला सारतं आणि ध्वनीला पाण्याची वाट करून देतं.

२) या यंत्राची सुरुवात गाठींपासूनच झाली

गंमत बघा. आपण सोनोग्राफी बाळंतपणाशी जोडतो, पण डॉक्टरांनी तिचा अभ्यास सुरू केला तो बऱ्याच अंशी गाठी ओळखण्यासाठी.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वाइल्ड हे शल्यचिकित्सक आणि जॉन रीड हे इंजिनिअर श्राव्यातीत ध्वनीने स्तनातल्या गाठी तपासत होते. साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात का, हे ते बघत होते.

१९५५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी आणखी धाडसी गोष्ट केली. कारखान्यांत लोखंडाच्या जोडात आत भेग आहे का हे ध्वनीने तपासायचं यंत्र असायचं. ऑपरेशन करून काढलेल्या गाठी घेऊन ते अशा एका बॉयलरच्या कारखान्यात गेले. पाण्याने भरलेल्या गाठीचा प्रतिध्वनी आणि भरीव गाठीचा प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळा आला. पुढे त्यांच्याकडे एक वयस्कर बाई आली. पोट फुगलेलं, वजन उतरलेलं, आणि जठराचा कर्करोग हाताबाहेर गेलाय असं निदान झालेलं. डोनाल्ड यांनी ध्वनीने तपासलं तेव्हा ती पाण्याची मोठी गाठ असल्यासारखी वाटली. ऑपरेशन केलं तर खरोखरच ती अंडाशयाची साधी गाठ निघाली. ती काढली आणि बाई बरी झाली. ७ जून १९५८ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांनी आपलं काम मांडलं. त्या लेखाचा विषयच पोटातल्या गाठी हा होता.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोनोग्राफी कर्करोग शोधते हे खरं, पण 'हा कर्करोग नाही' हे सांगून ती कितीतरी जणांना सोडवतेही.

३) पडद्यावर डॉक्टर काय बघतात?

आपल्याकडे फणस पिकला की नाही हे वाजवून बघतात. बद्द आवाज आला की जाणकार माणूस मान डोलावतो. सोनोग्राफीतही 'वाजवून बघणं'च आहे, फक्त उत्तर कानाला नाही, डोळ्यांना मिळतं. गाठीबद्दल मुख्यतः या गोष्टी बघतात.

पाणी की भरीव? स्वच्छ पाण्यातून ध्वनी न परतता पुढे निघून जातो. त्यामुळे पाण्याची गाठ पडद्यावर काळी कुळकुळीत दिसते आणि तिच्या मागचा भाग उजळ दिसतो. तिला सिस्ट म्हणतात. अशी साधी सिस्ट बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. भरीव गाठ करड्या छटेची दिसते.

कडा कशा आहेत? गुळगुळीत, गोल-लांबट कडा असतील तर गाठ साधी असण्याची शक्यता जास्त. कडा वेड्यावाकड्या, आजूबाजूला काटे फुटल्यासारख्या असतील तर संशय वाढतो.

कशी पसरली आहे? स्तनातली साधी गाठ बहुधा त्वचेला समांतर, आडवी वाढते. आडवी कमी आणि उभी जास्त असलेली गाठ संशयाची.

रक्तपुरवठा कसा आहे? रेल्वेची गाडी शिट्टी मारत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढे गेली की उतरतो. हा डॉप्लर परिणाम. वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीतही असाच फरक पडतो. त्यावरून गाठीत रक्तवाहिन्या किती आणि कुठून शिरतात ते रंगात दिसतं. यालाच कलर डॉप्लर म्हणतात.

शेजारी काय आहे? काखेतल्या किंवा मानेतल्या लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का, त्यांचा आकार बदलला आहे का, हेही बघतात.

पालकांना एक सांगते. मुलांना घसा धरला, दात किडला, डोक्यात फोड झाले की मानेत गाठी येतात. यातल्या बहुतेक गाठी संसर्गाच्या असतात आणि हळूहळू बसतात. पण गाठ काही आठवडे तशीच राहिली, वाढत गेली, दगडासारखी टणक लागली किंवा सोबत ताप, वजन घटणं असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

४) रिपोर्टमधले शब्द वाचून घाबरू नका

रिपोर्ट हातात पडला की आपण आधी फोनवर शोधतो आणि मग रात्रभर जागतो. त्यापेक्षा हे चार शब्द माहीत असू द्या.

'अनएकोइक' म्हणजे प्रतिध्वनी न देणारं, बहुधा पाणी. 'हायपोएकोइक' म्हणजे आजूबाजूपेक्षा कमी प्रतिध्वनी देणारं, म्हणून गडद दिसणारं. हा फक्त रंगाचा शब्द आहे, रोगाचं नाव नाही. तरुण मुलींच्या स्तनात आढळणारी फायब्रोॲडिनोमा ही साधी गाठही हायपोएकोइक असते. 'लिजन' म्हणजे वेगळा दिसणारा भाग, मग तो कसलाही असो. 'व्हॅस्क्युलॅरिटी' म्हणजे रक्तपुरवठा.

स्तनाच्या रिपोर्टच्या शेवटी बऱ्याचदा 'बायरॅड्स' आणि पुढे एक आकडा असतो. तो असा वाचायचा. ० म्हणजे अजून तपासणी हवी. १ म्हणजे काही आढळलं नाही. २ म्हणजे जे आहे ते साधं आहे. ३ म्हणजे बहुधा साधं, कर्करोगाची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ म्हणजे संशय आहे, सुईने तपासा. ५ म्हणजे दाट संशय, कर्करोगाची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक. ६ म्हणजे आधीच सिद्ध झालेला कर्करोग. चार नंबरची व्याप्ती फार मोठी आहे, २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे चार आला याचा अर्थ कर्करोग आहे असा नाही. त्याचा अर्थ एवढाच की आता अंदाजावर राहायचं नाही.

५) हापूसचा साका आणि बायोप्सी

आंबा बागायतदार असलेल्या पालकांना हा भाग लगेच पटेल. हापूस वरून सोन्यासारखा, वास घमघमतोय, आणि कापला तर आत साका. पांढरट, आंबट, खराब. वरून कितीही पारख केली तरी आतलं खरं कळतं ते कापल्यावरच. गाठीचंही तसंच आहे. हाताने अंदाज येतो, सोनोग्राफीने तो पक्का होत जातो, पण गाठीतल्या पेशी कशा आहेत हे ध्वनीला दिसत नाही. पेशी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. म्हणून गाठीतला लहानसा तुकडा काढायचा. हीच बायोप्सी. आंबा कापावा लागतो, गाठीला मात्र बारीकशी सुई पुरते.

सुईचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात इंजेक्शनसारख्या बारीक सुईने थोड्या पेशी ओढून घेतात. याला एफएनएसी म्हणतात. थायरॉइड आणि मानेतल्या गाठींसाठी हे फार वापरतात. दुसरी कोअर बायोप्सी. यात सुई थोडी जाड, स्तनासाठी साधारण दोन मिलिमीटर. ती उदबत्तीच्या काडीसारखा बारीक, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा कापून आणते. पेशी सुट्या न येता त्यांची मांडणीही सोबत येते, त्यामुळे माहिती जास्त मिळते.

आता यात सोनोग्राफी कुठे आली? गाठ हाताला लागत असेल तर चाचपून सुई घालता येते. पण गाठ यकृतात खोल असेल तर? स्तनात मटाराएवढी असेल तर? शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर? किंवा मोठ्या गाठीचा मधला भाग मृत झालेला असेल आणि जिवंत पेशी कडेलाच असतील तर? अंदाजाने घातलेली सुई चुकीच्या जागचा तुकडा आणू शकते, आणि मग "काही सापडलं नाही" असा रिपोर्ट येऊन सगळे निर्धास्त होतात. ही निर्धास्ती सगळ्यात धोक्याची.

सोनोग्राफीने सुई जाताना प्रत्यक्ष दिसते. कसं, ते कौलारू घर असलेल्यांना सहज कळेल. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात उतरतो. त्या पट्ट्यात असलेले धुळीचे कण चमकतात, बाहेरचे दिसत नाहीत. प्रोबमधून निघणारा ध्वनीही असाच पातळ पडद्यासारखा असतो. डॉक्टर सुई नेमकी त्या पडद्यात ठेवून पुढे सरकवतात. मग सुई पडद्यावर चकाकत्या रेषेसारखी दिसते आणि तिचं टोक गाठीत शिरताना कळतं. सुई पडद्यातून जराशी बाहेर गेली की दिसेनाशी होते. म्हणून एका हाताने प्रोब स्थिर धरणं आणि दुसऱ्याने सुई चालवणं हे सरावाचं काम आहे. सोनोग्राफीचा निकाल यंत्राइतकाच ते चालवणाऱ्या हातावर अवलंबून असतो.

फुप्फुसात खोल असलेल्या गाठीसाठी हाच मार्ग सीटी स्कॅनच्या मदतीने काढतात, कारण हवेपुढे ध्वनी हतबल. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफीचा वेगळा प्रोब असतो. जागा बदलली की साधन बदलतं, तत्त्व तेच: आंधळेपणाने सुई घालायची नाही.

६) प्रत्यक्ष बायोप्सीच्या दिवशी काय होतं?

आधी तुमचा इतिहास विचारतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, मधुमेह असेल, एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर न विसरता सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसंच करा. मग संमतीपत्र वाचायला देतात. ते खरंच वाचा.

जागा निर्जंतुक करतात. कोअर बायोप्सी असेल तर भुलीचं इंजेक्शन देतात, तेव्हा मुंगी चावल्यासारखं होतं. त्यानंतर दाब जाणवतो, दुखणं फारसं नाही. सुईतली स्प्रिंग सुटते तेव्हा 'टक्' असा आवाज येतो. तो आधी ऐकवून ठेवायला सांगा, म्हणजे दचकायला होत नाही. काही तुकडे घेतात, दाबून धरतात, पट्टी लावतात. स्तनाची बायोप्सी करून लोक त्याच दिवशी घरी जातात. यकृताची असेल तर काही तास पडून राहायला सांगतात. थोडं काळंनिळं होणं स्वाभाविक आहे. सूज वाढली, रक्त थांबेना, ताप आला तर मात्र लगेच परत जायचं.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून प्रयोगशाळेत जातो. तिथे तो मेणात बसवून केसापेक्षाही कितीतरी पातळ कापतात, रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून वाचतात. म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. स्तनाचा कर्करोग निघाला तर त्याच तुकड्यावर पुढच्या चाचण्या होतात आणि गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, कोणतं औषध लागू पडेल, हे ठरतं. थोडक्यात, तुकडा फक्त नाव सांगत नाही, उपचारांची दिशाही सांगतो.

७) "सुई लावली की पसरतं" हे कुठून आलं?

ही समजूत खोलवर आहे, म्हणून तिला हसून उडवू नका. ती बहुधा अशी तयार झाली असावी. माणूस आधीच उशिरा दवाखान्यात जायचा. तिथे तुकडा काढायचे, रोग आधीच पसरलेला असायचा, थोड्याच महिन्यांत माणूस जायचा. घरच्यांच्या डोळ्यांसमोर क्रम एकच राहायचा: आधी सुई, मग मृत्यू. खरं कारण असायचं उशीर, दोष यायचा सुईवर.

सुईच्या वाटेने पेशी सांडून नवी गाठ होणं शक्य आहे, पण ते फार क्वचित घडतं. काही ठरावीक गाठींच्या बाबतीत, उदाहरणार्थ वृषणाची गाठ, डॉक्टर स्वतःहूनच त्वचेतून सुई घालणं टाळतात आणि वेगळा मार्ग घेतात. म्हणजे धोका कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. बाकी ठिकाणी सुई न लावण्याचा धोका लावण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. कारण निदानाशिवाय योग्य उपचार सुरूच होत नाहीत.

८) हात, चित्र, सुई

स्तनाच्या गाठीसाठी डॉक्टर तिहेरी तपासणी करतात. आधी हाताने तपासणी, मग मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग सुई. तिन्हींचं उत्तर जुळलं की निदान पक्कं. एखादं उत्तर वेगळं आलं तर पुन्हा तपासायचं. तरुण वयात स्तनाची घडण दाट असते, त्यामुळे तिथे आधी सोनोग्राफी करतात. वय वाढलं की मॅमोग्राफी जास्त उपयोगी पडते. तिच्यात कॅल्शियमचे सूक्ष्म कण दिसतात, ते सोनोग्राफीत निसटू शकतात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

पहिली पायरी किती साधी असू शकते, याचं मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत एक अभ्यास हाती घेतला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक बायका त्यात होत्या. त्यातल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. संशय आला तर पुढच्या तपासणीला पाठवलं. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. तरीही प्रशिक्षित हात आणि वेळेवर पुढची तपासणी एवढ्यावर काय साधतं, हे यातून दिसतं.

खेड्यांतही हे काम झालं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी सुरू आहे, ती देशातली अशी पहिली. आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या साथीने गावोगाव तपासणीचं काम केलं आहे. म्हणजे कर्करोग म्हटलं की पहिल्याच दिवशी मुंबईची गाडी धरायला हवी, असं नाही. पहिली तपासणी आणि सोनोग्राफी जिल्ह्यातच होऊ शकते. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयात आधीच करा, कागदपत्रं सोबत ठेवा.

९) वर्गात करून बघा

पाचवी ते सातवीसाठी एक सोपा उपक्रम. कणकेचे सहा गोळे करा. तिघांच्या आत बिटाच्या रसात मळलेली लाल कणीक लपवा, तीही मधोमध नाही, एका कडेला. बाहेरून सगळे सारखेच दिसायला हवेत. आता मुलांना सरबताची जाडसर नळी द्या. डोळे मिटून नळी गोळ्यात खुपसायची, फिरवून बाहेर काढायची आणि आतला तुकडा फुंकून कागदावर काढायचा. किती जणांना लाल तुकडा मिळाला, याची फळ्यावर नोंद करा. मग प्रत्येक गोळ्यावर लाल भाग कुठल्या बाजूला आहे याची खूण करा आणि पुन्हा करायला सांगा. दोन्ही नोंदींची तुलना झाली की "चित्र बघत सुई घालणं" म्हणजे काय हे मुलं स्वतःच सांगतात. खूण करण्याआधी लाल भाग असूनही पांढराच तुकडा आला, त्या गोळ्यावर जरूर थांबा आणि विचारा: या गोळ्यात काही नाही असं आपण म्हणालो असतो, तर काय झालं असतं?

१०) घरी विचारायचे चार प्रश्न

तपासणीला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या. गाठ पाण्याची आहे की भरीव? तिला सुईने तपासायची गरज आहे का, नसेल तर पुन्हा कधी बघायचं? सुई घालणार असाल तर सोनोग्राफीत बघून घालणार का? रिपोर्ट कधी मिळेल आणि तो मला कोण समजावून सांगेल? जुने रिपोर्ट आणि फिल्म फेकू नका. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्याशी ताडूनच कळतं.

शिक्षक म्हणून आपलं काम निदान करण्याचं नाही. पण आपल्याकडे रोज शंभर घरांतली मुलं येतात, आणि त्यांच्या आया आपल्याशी जे बोलतात ते त्या कधीकधी घरातही बोलत नाहीत. न दुखणारी गाठ म्हणून कुणी गप्प बसली असेल, तर तिला एवढंच सांगा की कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणून न दुखणं ही खात्री नव्हे. आणि दुसरं वाक्य त्याला जोडूनच सांगा: तपासलेल्या गाठींतल्या बऱ्याचशा साध्याच निघतात. भीती आणि आधार, दोन्ही खरे आहेत. आणि यातलं कोणतं तिच्या वाट्याला आलंय, हे तपासल्याशिवाय कळत नाही.